दोन पुड्या नीळ

आमच्या स्टुडिओतला डोंगर
उकर्डा पेंटरने नऊ दिवसांत उभा केला.
मांजरपाटाच्या तीन पट्ट्या बाबांनी जोडून आणल्या होत्या,
शिवण दिसायचीच,
शिखराच्या डाव्या खांद्यावरून सरळ खाली ओढ्यात.
बर्फाला चुना आणि सरस.
झाडांना शाळेच्या खिडक्यांचा उरलेला हिरवा.
डोंगराला नीळ,
टोप्या-धोतरांना देतात ती, किराणातली, दोन पुड्या.

बर्फ त्याने पाहिला होता तो
बाजारात, पोत्यात, लाकडाच्या भुशाखाली.
म्हणून त्याची शिखरं जरा भुरकट.

गुरुजी एकदा सेवापुस्तकाच्या फोटोसाठी आले,
चष्मा वर करून म्हणाले,
सावली दोन्ही अंगांना? याचा सूर्य आहे तरी कुठे?
उकर्डा बिडी विझवत म्हणाला,
"एक दारातून येते गुरुजी, एक खिडकीतून."

माझ्याकडे पावडरचा डबा आणि कंगवा.
मे महिन्यात, पत्र्याखाली,
नवरानवरी त्या बर्फापुढे उभे राहत
आणि पावडर ओघळून गळ्यातल्या पोतीत उतरायची.
जमिनीवर खडूची फुली होती.
त्या फुलीवर सगळे येऊन गेले,
भरतीला निघालेला वासुदेव टापरे,
चक्कीवाले रहीमचाचा, नातवाला काखेत धरून,
ढोल्यांच्या तिघी बहिणी, स्थळांना पाठवायच्या फोटोसाठी,
एकच मोरपंखी लुगडं
पडद्यामागे आळीपाळीने नेसत.

फोटो काळेपांढरे.
डोंगर त्यात राखेचा यायचा.
तो निळा आहे हे ज्यांनी पाहायचं
ते सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे.

खरा डोंगर आमच्याकडे
दिवाळीनंतर, हवा धुतली गेली की, गच्चीवरून.
उत्तरेला गाविलगडची ओळ,
पाटीवर ओल्या बोटाने ओढावी एवढीच,
वाळून जाईल की काय अशी.

एका हिवाळ्यात उकर्ड्याला फॉरेस्टचं काम मिळालं,
घाटातले बोर्ड रंगवायचे,
वाहने सावकाश हाका, वन्यप्राणी.
परतवाड्याहून एस.टी.ने वर गेला.
अकरा दिवसांनी आला
आणि दोन दिवस पडद्यासमोर नुसता बसून राहिला,
चहा गार.
तिसऱ्या दिवशी बोलला.

"निळं काईच नाही तिथं, भाऊ.
साग हाये. गोटे हायेत.
एक बाई कोरड्या झिऱ्यात वाटीनं पाणी भरत होती,
तिचं कुत्रं भुकलं मले.
मंग कड्यावरून खाली पाह्यलं
त आपलं गाव निळं!
तळणी निळी, बाजार निळा,
तुमचं हे दुकान असंन त्यातच कुठीतरी."

बाबा म्हणाले, मग आता पडदा बदलायचा?
त्याने मान हलवली.
किराणातून अजून दोन पुड्या आणवल्या
आणि समोरच्या भिंतीवर,
कॅमेऱ्याच्या मागे, वर,
जिथे कुठल्याच फोटोत काही येत नाही,
ओंजळीएवढं गाव काढलं.
घरं कसली, ठिपकेच.
देवळाचा कळस, मशिदीचा मिनार, पाण्याची टाकी, सगळे सारख्या उंचीचे.

त्यानंतरच्या फोटोंत
माणसं काचेत पाहत नाहीत.
जरा वर पाहतात, जरा दूर.
बाबा ओरडायचे, इकडे बघा, इकडे.
बघायची. पुन्हा नजर तिकडेच.

उकर्डा गेला. तिथे आता रिचार्जचं दुकान,
भिंतीला टाइल्स.
पडदा मी आणला होता घरी,
तुरीच्या पोत्यांवर दोन वर्षं पांघरला,
मग त्याचं काय झालं आठवत नाही.

परवा ढोल्यांची मधली, चंद्रकला, वारली.
तेरवीला तोच लुगड्यातला फोटो, मोठा करून, हार घालून.
तिच्या पणतूने मोबाइल समोर धरला,
दोन बोटांनी चेहरा ताणला, पुन्हा ताणला.
"आजी कुठी पाहून राहिली?"

त्याच्या आईने त्याला दटावलं.
मी हार थोडा सरकवला.
मागची शिवण, डाव्या खांद्यावरून खाली,
अगदी स्पष्ट आली होती.